भविष्यकथनाची मिळकत आणि सम्यक् आजीव : एक ऐतिहासिक विचार

राजगृहाच्या वेळुवनात स्थविर सारिपुत्त राहत होते तेव्हाची गोष्ट संयुत्तनिकायात आली आहे. नगरात पिंडपात करून ते एका भिंतीच्या आडोशाला जेवावयास बसले असता सूचिमुखी नावाची परिव्राजिका तेथे आली. तिने विचारले, श्रमणा, तू खाली तोंड करून जेवतोस काय? सारिपुत्त नाही म्हणाले. मग वर तोंड करून? नाही. चार दिशांकडे? नाही. उपदिशांकडे? तेही नाही. परिव्राजिका गोंधळली, तेव्हा स्थविरांनी तिच्याच प्रश्नाचा अर्थ तिला उलगडून दाखविला. जे श्रमण-ब्राह्मण वास्तुविद्येवर पोट भरतात ते खाली तोंड करून जेवतात. जे नक्षत्रविद्येवर जगतात ते वर तोंड करून जेवतात. जे निरोप पोहोचविण्याच्या दूतकर्मावर जगतात ते चार दिशांकडे, आणि जे अंगविद्येवर, म्हणजे शरीराच्या खुणा पाहून भविष्य सांगण्यावर जगतात ते उपदिशांकडे तोंड करून जेवतात. आपण यांपैकी कशावरही जगत नाही, धर्माने भिक्षा मागतो आणि धर्माने जेवतो, असे सारिपुत्तांनी सांगितले. सूचिमुखीने ही गोष्ट राजगृहाच्या चौकाचौकांत जाऊन सांगितली आणि शाक्यपुत्रीय श्रमणांना भिक्षा द्या, असे लोकांना आवाहन केले.

या संवादात सारिपुत्त ग्रहताऱ्यांचा माणसावर परिणाम होतो की नाही या वादात शिरतच नाहीत. पानात पडलेला घास कोठून आला, एवढेच ते विचारात घेतात. भविष्यकथनाकडे आपण सामान्यतः अंधश्रद्धेचा प्रश्न म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्राचीन बौद्ध वाङ्मयात त्याची गणना प्रामुख्याने आजीवाच्या, म्हणजे मिळकतीच्या प्रकरणात झाली आहे. आज पुण्या-मुंबईत टॅरोचे पत्ते वाचावयास शिकविणारे वर्ग निघाले आहेत, मोबाइलवरून सल्ला देऊन पैसे घेता येतात, आणि त्यामुळे सेलूसारख्या तालुक्याच्या गावी घरात बसूनही नोकरीला जोड म्हणून हा व्यवसाय करणे शक्य झाले आहे. अशा वेळी आजीवाच्या अंगाने या विषयाचा इतिहास पाहणे अगत्याचे वाटते.

दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, शीलाच्या निरूपणात ज्या हीन विद्यांची यादी आली आहे ती फार मोठी आहे. तिला पाली शब्द आहे तिरच्छानविज्जा. हातापायांच्या खुणा, शकुन, उत्पात, स्वप्ने, शरीराची लक्षणे, उंदरांनी कुरतडलेल्या वस्त्रावरून सांगितलेले फळ. वास्तू, भुते, साप आणि विंचू यांच्या विद्या. पक्ष्यांची आणि कावळ्याची भाषा. माणसाचे आयुष्य किती उरले ते सांगणे. रत्ने, शस्त्रे, दासदासी, हत्ती, घोडे यांची शुभाशुभ लक्षणे. राजा चाल करील की माघार घेईल, कोण जिंकेल. ग्रहणे आणि ताऱ्यांच्या गती. पाऊस पडेल की दुष्काळ पडेल. मुलगी आणावी कधी आणि द्यावी कधी. शेवटी आरशाला प्रश्न विचारणे, कुमारिकेच्या अंगात आणून प्रश्न विचारणे, देवाला प्रश्न विचारणे हेही आहे. मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या वडीलधाऱ्या माणसापुढे ही यादी वाचली तर निम्म्याहून अधिक प्रकार तो नावानिशी ओळखील.

परंतु यादीपेक्षा तिच्या प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी पुन्हा पुन्हा येणारा आशय अधिक बोलका आहे. काही श्रमण-ब्राह्मण श्रद्धेने दिलेले अन्न खातात आणि खाऊन झाल्यावर असल्या विद्यांनी मिथ्या आजीव करतात, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे त्यांचे पोट आधीच भरलेले आहे. समाजाने त्यांच्या निर्वाहाची सोय केलेली आहे आणि त्यावर ही दुसरी मिळकत आहे. आजच्या भाषेत तिला वरकमाई म्हणावे लागेल. तथागतांचा आक्षेप दुहेरी दिसतो. एक, ज्ञान म्हणून जे सांगितले जाते ते ज्ञान नाही. दोन, ज्या श्रद्धेने अन्न मिळाले तीच श्रद्धा दुसऱ्यांदा विकली जाते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे इष्ट नाही. ही बंधने प्रव्रजितांसाठी आहेत. गृहस्थाचे काय? अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. त्यांत भविष्यकथन नाही. तेव्हा टॅरो वाचणारा एखादा उपासक या यादीकडे बोट दाखवून माझा धंदा वर्ज्य नाही असे म्हणू शकेल. मात्र त्याच निकायात, त्याच पंचकनिपातात, दोनच सुत्ते अलीकडे अधम उपासकाची पाच लक्षणे दिली आहेत, आणि त्यांत कुतूहलमंगलिक असणे, म्हणजे कर्मावर विश्वास न ठेवता शकुन-मुहूर्तावर ठेवणे, हे एक लक्षण आहे. अशा उपासकाला तेथे जो शब्द लावला आहे तो 'उपासकचंडाल' असा आहे. निंदेसाठी जातिवाचक शब्द योजण्याची त्या काळची भाषा त्रिपिटकातही उतरली, हे आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही; सुनीत आणि सोपाक ज्या संघात स्थविर झाले त्याच संघाच्या ग्रंथातील हा शब्द आहे. असो. मुद्दा असा की भिक्खूच्या बाबतीत विक्रेत्याला दोष दिला आहे आणि उपासकाच्या बाबतीत गिऱ्हाइकाला. ज्या वस्तूवर विश्वास ठेवणे उपासकाला कमीपणाचे आहे, ती त्याने दुसऱ्याला विकावी हे कोणत्या न्यायाने बसते, हे विक्रेत्यानेच सांगावे.

नक्षत्रजातकात या व्यवहाराची आणखी एक बाजू उघडी पडते. वराकडील मंडळींनी लग्नाचा दिवस ठरविला आणि नंतर घरोब्यातील आजीवक साधूला विचारले, आज नक्षत्र चांगले आहे ना? आपल्याला आधी न विचारता दिवस ठरविला याचा त्याला राग आला. यांचा सोहळा मोडतोच, असे मनात म्हणून त्याने आज नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले. वऱ्हाड निघाले नाही. वधूकडील लोकांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्याला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले तेव्हा भांडण झाले आणि हात हलवीत परतावे लागले. जातककाराने येथे नक्षत्राला दोष दिलेला नाही, आणि आजीवकाला मूर्खही ठरविलेले नाही. आजीवक आपला मान, म्हणजेच आपला हक्क, वसूल करीत होता.

हा हक्क महाराष्ट्रात कागदोपत्री वतन झाला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे तिच्यात ग्रामजोशी आहे आणि महारही आहे. एकाच खळ्यावरून दोघांचे धान्य उचलले जाई. एकाने गावाची वेस राखावी, मेलेली ढोरे ओढावी, सरकारी कागद घेऊन उन्हातान्हात धावावे. दुसऱ्याने तिथी-वार सांगावा. महारवाड्यात जोशी पाऊल टाकीत नसे. लग्नाची तिथी विचारावयाची तर दूर उभे राहून विचारावी लागे, आणि दक्षिणा मात्र दुरूनही पोहोचत असे. जोशाचा हक्क इतका पक्का होता की यजमानाने त्याला बोलाविले नाही, दुसऱ्याकडून किंवा स्वतःच विधी उरकला, तरी तो आपल्या दक्षिणेसाठी न्यायालयात जाई, आणि ब्रिटिश अमलातील न्यायालये त्या हक्काचा विचार मालमत्तेप्रमाणे करीत. जातकातील आजीवकाजवळ राग होता, पण दिवाणी न्यायालय नव्हते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ च्या 'ब्राह्मणांचे कसब' मध्ये आणि पुढे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जन्मापासून मरणापर्यंत कोणकोणत्या निमित्ताने शेतकऱ्याच्या गाठीचा पैसा जातो याचा जो हिशेब मांडला, तो आजीवाचाच हिशेब आहे. सत्यशोधक समाजाने २४ सप्टेंबर १८७३ पासून ब्राह्मणाशिवाय विवाहाचा मार्ग खुला केला. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ साली त्या पद्धतीने लग्ने लावली तेव्हा गावच्या जोशांनी दावा गुदरला आणि तो खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न बोलाविलेल्या भटजीला दक्षिणा मागण्याचा हक्क नाही, हे विधिमंडळाने कायदा करून स्पष्ट करावयास १९२६ साल उजाडले. मुंबई इलाख्याचा त्या वर्षीचा ११ वा कायदा तो हाच. ज्या विधिमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा बोले यांचा ठराव संमत झाला, त्याच विधिमंडळाचे हे काम होय.

सेलूला मात्र हा कायदा लागू नव्हता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग झाला, सेलू हे कापसाचे बाजारगाव म्हणून वाढले. परंतु मुंबई इलाख्यातील कायद्यांचा वारा त्या गाडीने आला नाही. मराठवाड्यातील आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर जोशाच्या हक्काचा निकाल १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लागला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतील आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून न घेण्याची आहे. तिच्यामागचा विचार २० वर्षे जुना होता. 'जातीचे निर्मूलन' या १९३६ च्या प्रबंधात बाबासाहेबांनी पौरोहित्य वंशपरंपरागत असू नये, त्यासाठी परीक्षा आणि सनद असावी, पुरोहित हा शासनाचा नोकर असावा आणि त्यांची संख्याही कायद्याने मर्यादित असावी, अशी मांडणी केली होती. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला लागते, मग माणसाच्या जन्ममरणात हात घालणाऱ्याला काहीच का लागू नये, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. टॅरोच्या बाबतीत तो आज जसाच्या तसा विचारता येतो.

ग्रामजोशाखेरीज महाराष्ट्रात दुसरेही जोशी आहेत आणि त्यांची गणना वरच्या जोशांबरोबर करणे हा मोठा अन्याय होईल. कुडमुडे जोशी, मेढंगी जोशी, सहदेव जोशी, सरोदे, बुडबुडकी, डमरूवाले या भटक्या जमाती आहेत आणि राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांची नोंद आहे. पहाटे अंधारात कंदील घेऊन येणारा पिंगळा आपल्या नावात एका घुबडाचे नाव बाळगतो. ब्रह्मजालसुत्तातील पक्षिविद्येचा हा मराठी वारस. नंदीवाल्याचा बैल मान हलवून होय-नाही सांगतो. बाजाराच्या दिवशी झाडाखाली पोपटाचा पिंजरा मांडून बसणारा माणूस मराठवाड्यात एके काळी सर्रास दिसे. पिंजऱ्याचे दार उघडावे, पोपटाने ओळीने लावलेल्या पाकिटांतून एक चोचीने ओढावे, आत देवाचे चित्र आणि चार ओळींचे भविष्य असावे. पत्ता ओढून भविष्य सांगण्याची आपल्याकडील खरी देशी रीत हीच. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानंतर पोपट बाळगणे गुन्ह्यात गणले जाऊ लागले आणि त्या माणसाचा पिंजरा गेला.

भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा १९५९ चा कायदाही या माणसांच्या वाट्याला आला. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे म्हणजे काय, याच्या व्याख्येत गाणे, नाचणे यांच्याबरोबर भविष्य सांगणे हा बहाणाही नावानिशी घातला आहे. रस्त्यावर हात पाहणारा कुडमुड्या जोशी या व्याख्येप्रमाणे भिकारी ठरतो आणि पोलीस त्याला उचलू शकतो. तेच काम बंद खोलीत, टेबलावर मखमली कापड अंथरून, आगाऊ वेळ देऊन आणि शुल्क घेऊन केले तर तो सल्लागार ठरतो. विद्या एकच, कायद्याच्या लेखी माणसे दोन. जात आणि भांडवल यांचा फरक यापेक्षा उघडपणे क्वचितच नोंदला गेला असेल. सारिपुत्तांची वचने कुडमुड्या जोशाच्या अंगावर फेकणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे की त्याचे पोट आधी भरलेले नव्हते. त्याची ती वरकमाई नव्हती, एकुलती भाकर होती.

टॅरोचा इतिहास पाहिला तर त्याच्या प्राचीनतेचा दावा टिकत नाही. १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील दरबारांत, हा पत्त्यांचा एक खेळ होता. पत्ते ७८; त्यांतील ५६ नेहमीच्या चार रंगांचे आणि २२ चित्रांचे हुकूम. सुमारे ३०० वर्षे लोक त्यांनी खेळतच होते. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ याने ही चित्रे म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गूढ ग्रंथ होत, असे छापले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही मनुष्य युरोपात नव्हता. शांपोल्यिओंने ती उलगडली १८२२ साली. लवकरच एत्तेला हे नाव घेतलेल्या एका फ्रेंच माणसाने या पत्त्यांवर भविष्य सांगण्याचा रीतसर व्यवसाय मांडला. म्हणजे आधी खेळ, मग खोटा इतिहास आणि त्यानंतर मिळकत, असा हा क्रम आहे. सध्या सर्वत्र चालणारी चित्रे १९०९ साली लंडनमध्ये वेट याच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या स्त्रीने काढली. काम फार आणि पैसा थोडा, अशी तक्रार तिने तेव्हाच एका पत्रात केली होती. ती १९५१ साली गरिबीत वारली. तिच्या चित्रांवर कमावणारे मात्र जगभर आहेत.

आपल्या सावंतवाडीची गंजिफा याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात आणि ती खेळण्यासाठीच असते. तिच्यात बुद्धाला विष्णूचा नववा अवतार म्हणून एक रंग दिला आहे. पाचवी प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तो पत्ता हाती आला तर काय करावे, हा विनोदाचा विषय होऊ शकेल. परंतु टॅरोच्या बाजारात बुद्धाचे नाव अधिक गंभीरपणे वापरले गेले आहे. पुण्याच्या ओशो आश्रमाच्या परंपरेतून १९९० च्या दशकात 'ओशो झेन टॅरो' निघाला. ७८ पत्त्यांत गुरूचा एक घालून त्याचे ७९ झाले. झेन हे ध्यानमार्गी बौद्ध संप्रदायाचे नाव आहे. पत्ते ओढून प्रश्न सोडविण्याशी ते जोडले गेले ते येथेच, महाराष्ट्रात.

तथापि हे सगळे बाहेरच्यांनी केले, असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. १८९० साली कुचा येथे बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक पोथी लागली. हर्न्ले यांनी तिचे संपादन केले. चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यानची ही पोथी बौद्ध भिक्खूंच्या वापरातील होती. तिच्यात वैद्यकाचे ग्रंथ आहेत, सर्पदंशावरील महामायूरी मंत्र आहे, आणि फासे टाकून भविष्य सांगण्याचे दोन ग्रंथही आहेत. फाशाला चार अंक, तो तीनदा टाकावयाचा, म्हणजे ६४ शक्यता, आणि प्रत्येकीचे ठरलेले फळ. आजचा टॅरोवाला तीन पत्ते मांडतो त्याचीच ही जुनी आवृत्ती. ब्रह्मजालसुत्त ज्यांना पाठ असावयाचे त्यांच्याच विहारात ही पोथी होती. जपानच्या बौद्ध मंदिरांत आजही नाणे टाकून भविष्याची चिठ्ठी काढता येते आणि श्रीलंकेत सिंहली नववर्षाचे मुहूर्त अधिकृतपणे प्रसिद्ध होतात. विहाराची मिळकत आटली किंवा भाविकांची भीती वाढली की तिरच्छानविज्जा मागच्या दाराने आत येते, हा धम्माच्या इतिहासातील वारंवार घडलेला प्रकार आहे. भारतात धम्म क्षीण झाला त्याच्या कारणांत तांत्रिक कर्मकांडाचा उल्लेख केला जातो. त्या कर्मकांडाचा जमाखर्च कोणी मांडला तर पुष्कळ उलगडा होईल.

या विद्यांच्या सत्यतेबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. ५१ जणांनी तयारी दाखविली, २७ जणांनी उत्तरे पाठविली, आणि बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के आले. नाणे उडविले असते तर ५० च्या आसपास आले असते. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या १२ कलमी अनुसूचीत नुसते भविष्य सांगणे बसत नाही. टॅरोवाल्याला पत्रिकेचीही अडचण नाही. त्याच्याकडे तारीख नाही, वेळ नाही, गणित नाही, म्हणून चूक सापडण्याची जागाही नाही. समोरचा माणूस आपली अडचण सांगत जातो, चित्र पाहून स्वतःच अर्थ लावतो आणि वाचणारा त्याला दुजोरा देतो.

हे दुजोरा देणेच विकले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते घेणारे कोण याचा विचार आपण करावयास हवा. स्पर्धा परीक्षेत तीनदा अपयश आलेला मुलगा, स्थळ जमत नसलेल्या मुलीची आई, बोअरला पाणी न लागलेला शेतकरी. सेलू परिसरातील शेतकरी तळहातावर नारळ किंवा कडुनिंबाची फांदी धरून पाणी दाखविणाऱ्या पाणाड्याला पैसे देतो तेव्हा तो मूर्ख नसतो. भूजल पाहणाऱ्या तज्ज्ञापेक्षा पाणाड्या त्याला लवकर सापडतो, एवढेच. म्हणून वरकमाईच्या शोधात असलेल्या आपल्या शिकलेल्या तरुणाला मिथ्या आजीव म्हणून नुसते फटकारून भागणार नाही. परंतु त्यानेही हे पाहावे की शिकवणी घेणारा, अर्ज भरून देणारा, कागदपत्रांचे काम करणारा माणूस त्याच गिऱ्हाइकाची तीच अडचण काही अंशी खरोखर कमी करतो आणि त्याचेच पैसे घेतो. पत्ते वाचणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक परत यावे असे वाटत असेल तर त्याची काळजी संपता कामा नये. मज्झिमनिकायातील महाचत्तारीसकसुत्तात मिथ्या आजीवाची जी लक्षणे दिली आहेत त्यांतील ढोंग, गोडबोलेपणा, सूचक इशारे आणि लाभाने लाभ ओढणे ही चार या व्यवहारात एकत्र येतात.

मुहूर्त सोडल्याने आपल्या समाजाचे काय झाले, हे मंगल कार्यालयांच्या वह्या पाहिल्या तर कळेल. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर लागलेल्या 'कालनिर्णय'मध्ये विवाहमुहूर्तांची यादी असते आणि त्या तारखांना कार्यालय, वाजंत्री, आचारी यांच्यासाठी झुंबड उडते. बौद्ध कुटुंब बहुधा रविवार किंवा सुट्टीचा दिवस पाहते, पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा पाहते, भिक्खूंना किंवा बौद्धाचार्यांना सवड आहे का ते विचारते आणि तारीख पत्रिकेवर छापते. यादीत नसलेला दिवस निवडला तर कार्यालय सहज मिळते आणि घासाघीसही करता येते.